भरलेल्या दाण्यातली विरळ खनिजे

गव्हाच्या पिठाचा छोटा नमुना चिनीमातीच्या मुशीत घेऊन सुमारे ५५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत काही तास ठेवला, की पीठ आधी काळे पडते, मग करडे होते आणि शेवटी मुशीच्या तळाशी पांढुरक्या राखेचा पातळ थर तेवढा उरतो. पिष्ट, प्रथिने, तेल, जीवनसत्त्वे, पाणी हे सगळे जळून किंवा उडून गेलेले असते. कोंड्यासकट दळलेल्या पिठाची ही राख वजनाने दीड टक्क्याच्या थोडी पुढे भरते, मैद्याची अर्ध्या टक्क्याच्या आसपास. प्रयोगशाळेत ही राख जवळून पाहताना मला जाणवले, की दाण्याने जमिनीकडून जी खनिजे घेतली ती बहुतेक सारी आता या चिमूटभर भुकटीत आहेत. पोटॅशियम, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम यांचा त्यात मोठा वाटा असतो. लोह, जस्त, तांबे आणि मँगनीज इतके थोडे असतात, की ते मोजायला वेगळे उपकरण लागते.

वनस्पती हवेतला कर्ब आणि मुळांनी ओढलेले पाणी यांतून साखर, पिष्ट, तेल असे कितीतरी पदार्थ स्वतः घडवते, पण जस्ताचा किंवा लोहाचा एक अणूसुद्धा तिला घडवता येत नाही. तो मातीतूनच यावा लागतो, मुळाने तो उचलावा लागतो, खोडाने वर न्यावा लागतो आणि आपण खातो त्या दाण्यात, फळात किंवा पानात तो पोचवावा लागतो. म्हणून ‘पूर्वीच्या धान्यात कस होता, आता उरला नाही’ असे कोणी म्हटले, की मला पहिल्यांदा हे विचारावेसे वाटते, की या वाटेवर नेमके कुठे आणि काय बदलले? प्रश्न इतक्या बारकाईने विचारला नाही, तर त्याच्या उत्तरात नुसती हळहळ हाती लागते, नाहीतर कुणाच्या तरी गोळ्यांची जाहिरात.

ही हळहळ नवी नाही. १९३६ साली अमेरिकेच्या सिनेटने २६४ क्रमांकाचा एक दस्तऐवज छापला. शेतजमिनींतली खनिजे संपत आल्यामुळे फळे, भाज्या आणि धान्ये कितीही खाल्ली तरी शरीराला हवे ते मिळत नाही, असे त्यात ठामपणे म्हटले होते. तो सिनेटने केलेला अभ्यास मात्र नव्हता. एका लोकप्रिय मासिकातला लेख सिनेटच्या दप्तरी लावून घेतला गेला होता, एवढेच. तरीही खनिजांच्या गोळ्या विकणाऱ्यांच्या मजकुरात तो आजही ‘सरकारी पुरावा’ म्हणून मिरवतो. मला याचा राग येतो, कारण या विषयात खरोखर काळजी करावी असे काही आहे आणि ते अशा दाखल्यांच्या ढिगाखाली दबून जाते.

खऱ्या अर्थाने या चर्चेला आकडे मिळाले ते अन्नघटकांच्या जुन्या कोष्टकांतून. ब्रिटनमध्ये रॉबर्ट मॅकन्स आणि एल्सी विडोसन यांनी १९३० च्या दशकात शेकडो पदार्थांचे पृथक्करण करून त्यांची कोष्टके १९४० मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे ती वेळोवेळी सुधारली गेली. १९९७ मध्ये ॲन-मरी मेयर यांनी त्यांतली २० फळे आणि २० भाज्या निवडून १९३० च्या दशकातले आकडे १९८० च्या दशकातल्या आकड्यांशेजारी मांडले. भाज्यांमध्ये कॅल्शियम सरासरी १९ टक्के, मॅग्नेशियम ३५ टक्के आणि सोडियम ४३ टक्के कमी दिसले, आणि तांबे तर जेमतेम एक पंचमांश उरलेले दिसले. फळांमध्ये मॅग्नेशियम, लोह, तांबे आणि पोटॅशियम घटलेले होते. फॉस्फरसमध्ये मात्र नोंद घ्यावी असा बदल नव्हता.

२००४ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कृषी खात्याची १९५० आणि १९९९ ची कोष्टके घेऊन ४३ भाज्या-फळांची तुलना केली. त्यांनी एक महत्त्वाची काळजी घेतली. भाजी जास्त पाणीदार निघाली तर तिच्यातले सगळेच घटक कमी दिसतात, म्हणून त्यांनी दोन्ही काळांतल्या ओलाव्यातला फरक हिशेबात धरला. इतके करूनही, तपासलेल्या १३ घटकांपैकी सहा घटक भरवसा ठेवावा इतके घटलेले निघाले. प्रथिने ६ टक्के, फॉस्फरस ९ टक्के, लोह १५ टक्के, कॅल्शियम १६ टक्के, क जीवनसत्त्व २० टक्के आणि रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, ३८ टक्के. उरलेल्या सात घटकांत ठाम म्हणता येईल असा बदल नव्हता. ‘अन्न पोकळ झाले’ असे सांगणारे हे शेवटचे वाक्य बहुधा वगळतात.

अशी कोष्टके शेजारी ठेवताना मनात शंका यायलाच हवी. पन्नास वर्षांपूर्वीचा नमुना कुठल्या शेतातला होता, कुठल्या वाणाचा होता, कुठल्या हंगामात काढलेला होता, हे कोष्टक सांगत नाही. एकाच भाजीचे दोन वाण, एकाच वाणाची दोन शेते, एकाच शेतातली दोन वर्षे यांच्यातही खनिजांचे प्रमाण दुपटी-तिपटीने बदलू शकते. मोजण्याच्या पद्धतीही बदलल्या. पूर्वी कॅल्शियम ऑक्झलेटच्या रूपात खाली बसवून पोटॅशियम परमँगनेटने त्याचे अनुमापन करत. धातूचे अणू किती प्रकाश शोषतात यावरून त्याचे प्रमाण ठरवणारी अणुशोषण वर्णपटमापनाची पद्धत ॲलन वॉल्श यांनी मांडली तीच मुळी १९५५ मध्ये. नमुना लोखंडी चक्कीत दळला तर चक्कीचे लोह त्यात उतरते, पाने नीट धुतली नाहीत तर त्यांवरची माती लोहाचा आकडा फुगवते. तांब्याचे प्रमाण एक पंचमांशावर आले हा आकडा वाचताना मला त्या काळी पिकांवर सर्रास होणाऱ्या ताम्रयुक्त बुरशीनाशकांच्या फवारण्या आठवतात. पृष्ठभागावरचे तांबेही तेव्हाच्या मोजणीत आले असण्याची शक्यता आहे. रॉबिन मार्ल्स यांनी २०१७ मध्ये या सगळ्या तुलनांचा आढावा घेऊन, दिसणारे बरेच फरक नैसर्गिक चढउतारांच्या मर्यादेतच आहेत, असे दाखवून दिले. हा आक्षेप मी मनापासून गंभीर मानतो. कागदावरच्या जुन्या आकड्यांवर कुठलाही मोठा निष्कर्ष उभारू नये.

मग निष्कर्ष उभारायचा कशावर? जुना आकडा घेण्याऐवजी जुना दाणाच हाती लागला तर? इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ च्या शरद ऋतूत ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गव्हाचा प्रयोग सुरू केला. शेताचे पट्टे पाडले. एकाला काहीच खत द्यायचे नाही, एकाला शेणखत, बाकीच्यांना रासायनिक खतांची वेगवेगळी मिश्रणे. तो प्रयोग आजही चालू आहे. पण मला त्या दोघांबद्दल सर्वांत जास्त कृतज्ञता वाटते ती एका वेगळ्याच गोष्टीसाठी. त्यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी दरवर्षीच्या दाण्याचे आणि काडाचे, तसेच वेळोवेळी मातीचे नमुने सुकवून, बाटल्यांत बंद करून जपून ठेवले. तेव्हा जस्त हे वनस्पतीचे आवश्यक अन्नद्रव्य आहे हेसुद्धा ठाऊक नव्हते. आपल्या हयातीत जे विचारताच येणार नव्हते, अशा प्रश्नाच्या उत्तराची सामग्री त्या माणसांनी नेमाने साठवली.

त्या बाटल्यांतले दाणे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी एकाच आधुनिक पद्धतीने तपासले गेले. १८४५ पासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत गव्हातले जस्त, लोह, तांबे आणि मॅग्नेशियम यांचे प्रमाण जवळपास स्थिर होते. त्यानंतर ते स्पष्टपणे उतरत गेले. ही वेळ ठेंगण्या, भरघोस उतारा देणाऱ्या गव्हाच्या वाणांच्या आगमनाची होती. आता बाटल्यांतली माती तपासली, तर तिच्यातली खनिजे घटलेली नव्हती. ती तेवढीच होती किंवा वाढलेली होती. आणि दाण्यातली घट रासायनिक खतांच्या पट्ट्यांत दिसली तशीच शेणखताच्या आणि बिनखताच्या पट्ट्यांतही दिसली. म्हणजे या शेतापुरते तरी, ‘जमीन निःसत्त्व झाली’ आणि ‘रासायनिक खतांनी दाणा बिघडवला’ ही दोन्ही सोपी उत्तरे टिकली नाहीत.

पहिले उत्तर का टिकत नाही, ते साध्या हिशेबानेही कळते. एक हेक्टर जमिनीचा वरचा २० सेंटिमीटरचा थर सुमारे २,६०० टन भरतो. मातीत किलोमागे ५० मिलिग्रॅम जस्त धरले, तर त्या थरात १३० किलो जस्त झाले. हेक्टरी पाच टन गहू काढला आणि दाण्यात किलोमागे ३० मिलिग्रॅम जस्त असले, तर वर्षाला शेताबाहेर जाते अवघे १५० ग्रॅम. एकूण साठ्याच्या मानाने ते हजारात एक भागाच्या आसपास आहे. साठा इतक्या लवकर रिता होत नाही. मुळाला मिळू शकेल असा त्यातला हिस्सा मात्र फारच थोडा असतो आणि तो झटकन कमी-जास्त होतो. चुनखडीयुक्त, सामू जास्त असलेल्या जमिनीत जस्त आणि लोह असूनही अडकून पडतात. फॉस्फरसचे खत जास्त झाले, तर मुळांशी सलगी करून जस्त वेचून देणारी मायकोरायझा बुरशी मागे हटते. तुर्कस्तानात मध्य अनातोलियाच्या गहू पट्ट्यात इस्माइल चकमक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात जस्ताची खते दिली, तेव्हा उताराही वाढला आणि दाण्यातले जस्तही. मातीचा संबंध नाही, असे म्हणणे त्यामुळे चूकच ठरेल. पण मातीचा दोष असतो तिथे तो बहुधा अडकलेल्या खनिजाचा असतो, संपलेल्या खनिजाचा क्वचित.

मग ब्रॉडबॉकच्या दाण्यात काय झाले? गव्हाचा दाणा रात्रभर भिजवून धारदार पात्याने उभा कापावा आणि भिंगाखाली धरावा. मधला पांढरा, मऊ, मोठा भाग दिसतो तो पिष्टाचा साठा. एका टोकाला पिवळसर, इवलासा अंकुर असतो. साल आणि पिष्ट यांच्यामध्ये एक चिंचोळी कडा चोहोबाजूंनी फिरते. ती नुसत्या भिंगाने धड दिसतही नाही, पण तिथेच पेशींचा तो एकेरी थर असतो, ज्यात फायटेटच्या, म्हणजे फॉस्फरस साठवणाऱ्या आणि धातूंना धरून ठेवणाऱ्या संयुगाच्या, रूपात दाण्याचे मॅग्नेशियम, लोह, जस्त आणि फॉस्फरस मोठ्या प्रमाणात गोळा झालेले असतात. दाणा टपोरा होतो म्हणजे मुख्यतः मधला पांढरा भाग फुगतो, आणि कडा व अंकुर त्या प्रमाणात वाढत नाहीत. ठेंगण्या वाणांनी काडाची उंची वाचवून ते बळ दाण्यांत घातले, त्यामुळे दाणेही जास्त लागले. मुळांनी उचललेले जस्त साधारण तेवढेच राहिले आणि ते अधिक पिष्टात वाटले गेले, जसे तेवढ्याच मिठात भांडेभर पाणी वाढवावे. शास्त्रज्ञ याला विरलीकरणाचा परिणाम म्हणतात. वेस्ली जॅरेल आणि आर. बी. बेव्हर्ली यांनी १९८१ मध्येच त्याचा सविस्तर आढावा घेतला होता.

याच गोष्टीची सर्वांत स्वच्छ परीक्षा म्हणजे जुने आणि नवे वाण एकाच मातीत, एकाच वर्षी पेरून पाहणे. तिथे जुन्या मापनपद्धतीची शंका उरत नाही आणि जमिनीतल्या फरकाचीही नाही. अमेरिकेत केविन मर्फी आणि सहकाऱ्यांनी गव्हाचे जुने-नवे ६३ वाण असे लावून पाहिले. कॅल्शियमचा अपवाद सोडता त्यांनी तपासलेली खनिजे नव्या वाणांत घटलेली निघाली. भारतीय संशोधकांनी १९६० च्या दशकापासून प्रसारित झालेले भाताचे आणि गव्हाचे गाजलेले वाण बियाण्यांच्या संग्रहातून मिळवून एकत्र वाढवले. भाताच्या दाण्यात १९६० च्या दशकातल्या वाणांत किलोमागे सरासरी २७ मिलिग्रॅम जस्त होते, २००० च्या दशकातल्या वाणांत ते २१ वर आले. गव्हात ते ३३ वरून २०१० च्या दशकातल्या वाणांत २४ च्या आत आले. लोहाचीही तीच दिशा होती. कोष्टकांच्या तुलनेबद्दल मला वाटणारी शंका या आकड्यांना लागू होत नाही. धान्यांपुरता तरी माझा कौल इथे स्पष्ट आहे. घट झाली आहे, ती खरी आहे, आणि तिचे मोठे कारण बियाण्यात आहे.

ती फक्त गेल्या साठ वर्षांतली आहे असेही नाही. २००६ मध्ये क्रिस्तोबाल उआउय, हॉर्हे डुबकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी लागवडीच्या गव्हाचा पूर्वज असलेल्या रानटी एमर गव्हातले एक जनुक ओळखले. ते काय करते हे समजले तेव्हा मी बराच वेळ त्याच विचारात होतो. दाणा भरण्याच्या दिवसांत गव्हाचे पान पिवळे पडू लागते. वरवर पाहता ते नुसते वाळत असते, पण त्याच काळात त्या पानातली प्रथिने मोडली जातात आणि त्यांतला नायट्रोजन, सोबत जस्त आणि लोह, रसवाहिन्यांतून ओंबीकडे रवाना होतात. रानटी गव्हातले ते जनुक पानाला वेळेवर पिवळे पडायला लावते आणि ही रवानगी जोमाने करवते. लागवडीच्या बहुतेक आधुनिक गव्हांत त्याची काम करणारी प्रत नाही. संशोधकांनी प्रयोगात या घराण्यातल्या जनुकांचे काम दाबून पाहिले, तेव्हा पाने पिवळी पडायला तीन आठवड्यांहून अधिक उशीर झाला आणि दाण्यातली प्रथिने, जस्त आणि लोह ३० टक्क्यांहून अधिक घटले. हिरवेगार राहणारे पान पाहणाऱ्याला सुखावते, ते जास्त दिवस पिष्टही बनवत राहते, पण आपली खनिजे ते स्वतःजवळच ठेवते आणि अखेर ती काडात जातात. माणसाने गहू माणसाळवला त्या हजारो वर्षांत कधीतरी, टपोऱ्या दाण्याची निवड करता करता, ही देणगी हातची गेली असावी.

कॅल्शियमची गोष्ट वेगळी आहे. ते रसवाहिन्यांतून सहसा परत फिरत नाही. पाण्याबरोबर जलवाहिनीतून वर चढते आणि जिथून पाणी उडते तिथे साचत जाते. म्हणून कोबीच्या बाहेरच्या हिरव्या पानांत ते भरपूर असते आणि आतल्या फिकट, घट्ट पानांत थोडे. टोमॅटोच्या बुडाला पडणारा काळा डाग किंवा सफरचंदातले कडवट खड्डे हे वाढत्या फळाला कॅल्शियम वेळेवर न पोचल्याची खूण असतात. ब्रोकोलीच्या गड्ड्यांत, गड्डा जसजसा मोठा आणि दाट तसतसे त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी, असे आढळले आहे. ग्राहकाला घट्ट गड्डा आवडतो, म्हणून पैदासकाराने तो घडवला.

नव्या वाणांवर एकतर्फी ठपका ठेवणे मला मान्य नाही. नॉर्मन बोरलॉग यांनी जपानच्या नोरिन १० या ठेंगण्या गव्हाचा गुण आपल्या वाणांत आणला तेव्हा जगापुढे दुष्काळाची भीती होती, आणि त्या वाणांनी कोट्यवधी माणसांच्या पोटात अन्न घातले. एक हेक्टर जमिनीतून निघणारे एकूण जस्त नव्या वाणांत कमी झाले असेही नाही, कारण उतारा त्याहून कितीतरी वाढला. परंतु माणूस हेक्टराने जेवत नाही. पोट भरले की तो थांबतो, आणि पोट भरते ते पिष्टाने. ज्याच्या ताटात धान्याबरोबर डाळी, भाज्या, दूध, अंडी, मांस, फळे असतात त्याला दाण्यातल्या जस्ताची घट जाणवणारही नाही. ज्याचे जवळजवळ सगळे जेवण एकाच धान्याचे आहे त्याच्या वाट्याला मात्र ती पुरेपूर येते. प्रौढाला दिवसाला साधारण ८ ते ११ मिलिग्रॅम जस्त लागते. किलोमागे नऊ-दहा मिलिग्रॅमचा फरक म्हणजे, रोज अर्धा किलो धान्य खाणाऱ्याच्या या गरजेतला जवळपास निम्मा वाटा झाला. घट सगळ्यांच्या अन्नात झाली आणि तिचा भार गरिबावर पडला. या सगळ्या विषयाकडे मी पुनःपुन्हा ओढला जातो तो या अन्यायामुळे.

बदल नेहमी खालच्याच दिशेने होतो असेही नाही, आणि याचे माझे आवडते उदाहरण फिनलंडचे आहे. तिथल्या जमिनीत पिकांना मिळू शकेल असे सेलेनियम फार कमी आहे, त्यामुळे धान्यात, गुरांत आणि माणसांच्या रक्तातही ते कमी होते. १९८४ मध्ये त्या देशाने संयुक्त खतांत सोडियम सेलेनेट मिसळायचे ठरवले. काही वर्षांतच धान्यातले सेलेनियम कित्येक पटींनी वाढले, आणि त्यापाठोपाठ लोकांच्या रक्तातलेही. उलट ब्रिटनने उत्तर अमेरिकेचा गहू कमी करून युरोपातला गहू वापरायला सुरुवात केली, तेव्हा लोकांच्या आहारातले सेलेनियम खाली आले. तिथे वाणाचा फारसा प्रश्न नव्हता, गहू ज्या मातीतून येत होता ती माती बदलली होती.

गिरणीबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण ती गोष्ट सर्वपरिचित आहे, पण प्रमाणाचे भान राहण्यासाठी लिहायला हवी. कोंड्यासकट पिठाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १३७ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते, मैद्यात २२. जस्त २.६ च्या आसपास असते, मैद्यात ०.७. गेल्या साठ वर्षांत पैदाशीने जेवढे कमी केले त्याहून कितीतरी अधिक रोलर गिरणी काही मिनिटांत काढून टाकते. कोंड्यातले फायटेट काही जस्त आणि लोह आतड्यात अडवून धरते, हे खरे. दाणे भिजवले, मोड आणले किंवा पीठ आंबवले तर फायटेट मोडते आणि तीच खनिजे शरीराच्या हाती अधिक लागतात. राख तेवढीच, उपयोग जास्त.

आजवरचे सगळे बदल बियाण्याचे, मातीचे, गिरणीचे, म्हणजे कुणीतरी कुठेतरी केलेल्या निवडीचे होते. पुढे येऊ घातलेला बदल हवेतून येतो आहे, आणि तो कुठल्याही शेतकऱ्याने निवडलेला नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत दहा लाखांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. हवाई बेटांवरच्या मौना लोआ येथे १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता, आज ४२० च्या पुढे गेला आहे. उघड्या शेतात नळ्यांचे कडे उभारून, आतल्या पिकावर कार्बन डायऑक्साइड सोडून, उद्याची हवा आजच तयार करण्याचे प्रयोग जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत झाले. सॅम्युअल मायर्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये त्यांचे निकाल एकत्र मांडले. ५४६ ते ५८६ भागांच्या हवेत वाढलेल्या गव्हात जस्त ९.३ टक्के, लोह ५.१ टक्के आणि प्रथिने ६.३ टक्के घटली. भातात जस्त ३.३ टक्के, लोह ५.२ टक्के आणि प्रथिने ७.८ टक्के घटली. त्याच वर्षी इराकली लोलाद्झे यांनी १३० वनस्पतींवरच्या निरीक्षणांचे संकलन करून एकूण खनिजांत सरासरी ८ टक्के घट दाखवली. मका आणि ज्वारी यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत वेगळी आहे, त्यांच्यावर हा परिणाम कमी दिसतो.

कारणे एकाहून अधिक आहेत. कर्ब मुबलक मिळाला की पान जास्त साखर आणि पिष्ट बनवते, म्हणजे पुन्हा तेच विरलीकरण. त्याच वेळी पानाची रंध्रे आक्रसतात, पाणी कमी उडते, आणि पाण्याच्या ओघाबरोबर मुळांकडे वाहत येणारी खनिजेही कमी येतात. आठ-नऊ टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण मायर्स आणि सहकाऱ्यांच्याच पुढच्या हिशेबाने, हवा अशीच बदलत गेली तर २०५० च्या सुमारास आणखी १३.८ कोटी माणसे जस्ताच्या कमतरतेच्या धोक्यात येतील. आधीच काठावर असलेल्याला ढकलायला आठ टक्के पुरतात.

यावर करता येण्याजोगे बरेच काही आहे आणि ते सुरूही झाले आहे. रानटी गहू आणि जुने स्थानिक वाण यांच्याशी संकर करून जास्त जस्ताचे गहू तयार झाले आहेत, ते शेतात पोचले आहेत आणि त्यांचा उतारा बाजारातल्या वाणांच्या बरोबरीचा ठेवण्याचा प्रयत्न आहे. फुलोऱ्यानंतर पानांवर झिंक सल्फेटची फवारणी केली, तर दाण्यातले जस्त चांगले वाढते. पण माझ्या मते खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. नवे वाण प्रसारित करताना उतारा, रोगप्रतिकार, पक्वतेचे दिवस, दाण्याचा आकार आणि भाकरी-पावाची प्रत हे सगळे काटेकोर पाहिले जाते. जस्त आणि लोह किती, हा आकडा बहुतेक वाणांच्या बाबतीत निवडीची अट म्हणून विचारलाच गेला नाही. गेल्या साठ वर्षांत पैदासकारांनी जे जे मोजून निवडले, त्या त्या बाबतीत पिकाने त्यांना भरभरून दिले आहे. आज एका नमुन्यातली डझनभर खनिजे काही मिनिटांत मोजणारी उपकरणे आहेत. वाणाच्या प्रसारपत्रात उताऱ्याच्या शेजारी जस्ताचा आणि लोहाचा रकाना असावा, त्याला किमान मर्यादा असावी, आणि प्रत्येक वाणाचा सुकवलेला नमुना बाटलीत बंद करून ठेवला जावा, एवढी मागणी फार नाही.

हवेतल्या बदलापुढेही हा रकाना कामाचा आहे. कार्बन डायऑक्साइडच्या कड्यांत वाढवलेले भाताचे सगळे वाण सारखे वागले नव्हते. काहींतले जस्त जास्त घटले, काहींतले कमी. कमी घटणारे वाण कोणते आणि का, हे त्यांना त्याच हवेत वाढवून, दाणे दळून, राख करून मोजल्याशिवाय कळणार नाही. आणि गव्हाचे एक नवे वाण संकरापासून शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत साधारण दहा वर्षे जातात, म्हणून २०५० च्या हवेसाठीचे ते मोजमाप आत्ताच्या पैदास-कार्यक्रमांतच सुरू व्हायला हवे.